हात गेला, मान उरली

मातीच्या नमुन्यात ती बाई कपाळावर आडवा हात धरून दूर बघत होती. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून आपण धरतो तसा. नमुना दीड वीत उंचीचा, आत तार, वर माती. तारेला काय, म्हणाल तशी वाकते. ज्यांनी ज्यांनी तो पाहिला त्यांना तो हातच आवडला, आणि खरं सांगायचं तर मलाही. बागेत, उघड्यावर उभं करायचं माझं हे पहिलंच लाकडी शिल्प. तीन माणसं, कुणाची तरी वाट बघणारी: ही बाई, तिच्या मागे दोन पावलांवर म्हातारा, आणि दोघांच्या मध्ये कुणाचंच बोट न धरलेलं एक पोर. प्रत्येक माणूस एकाच ओंडक्यातून काढायचा, कुठेही जोड द्यायचा नाही, अशी अट मीच स्वतःला घालून घेतली होती. कुणी विचारलीही नव्हती.

ओंडके सागवानाचे. वादळात उन्मळून पडलेल्या झाडांचे, दोन वर्षं सावलीत पडून राहिलेले. सगळ्यात मोठा ६० सेंटीमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांब. तो नुसता कूस बदलायला चेनपुली लागायची. "दोन वर्षं झालीत म्हणजे सुकलेच असतील," असं मी म्हटलं तर मिस्त्री हसले. त्यांचा सगळा जन्म दारं-चौकटींत गेलेला. माणसं कोरायच्या कामावर ते कुतूहल म्हणून आले होते. त्यांनी टोकाकडची एक चकती कापली आणि मला ओलावा मोजायचं यंत्र लावायला सांगितलं. कडेला १५ टक्के. मधोमध टोचलं तर आकडा तिशीच्या पुढे. फळीला जाडीच्या इंचामागे एक वर्ष हा सुकवणीचा जुना ठोकताळा. या जाडीला तो लावायचा तर ही तिघं उभी राहीपर्यंत मला काठी घ्यावी लागली असती. ओलंच कोरायचं ठरलं.

सागाचा नार, म्हणजे आतलं सोनेरी तपकिरी लाकूड, उन्हापावसाला दाद देत नाही. त्याच्याभोवतीचं फिकट कडं मात्र कच्चं. कीड आणि बुरशी आधी तिथेच शिरते. म्हणून साल आणि ते कडं दोन्ही तासून टाकलं. दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटीमीटर गेले, उरले ५४. आता सव्वादोन मीटर उंचीच्या बाईला प्रमाणात खांदे द्यायचे तर ६० तरी हवेत, आणि दंड त्यातच बसायला हवेत. म्हणजे चेहऱ्याची पहिली रेघ मारण्याआधीच तिचे खांदे अरुंद झाले होते. हे मी ठरवलं नव्हतं. झाडानेच परस्पर ठरवून टाकलं होतं.

ढोबळ काप चेनसॉने काढले. ते मी स्वतः केले नाहीत. त्यातला जाणकार माणूस बोलावला. पात्याच्या नाकाडाचा वरचा भाग लाकडाला लागला की सॉ उसळून अंगावर येतो, आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो. तो कापत असताना मी खडूच्या रेघा पुन्हा पुन्हा गडद करत होते, कारण भुशाने त्या दर दोन मिनिटांनी पुसल्या जात होत्या. सागाचा भुसा अंगाला लागून काहींना खाज सुटते, पुरळ येतं. मी त्या काहींपैकी निघाले. पुढचे तीन महिने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क.

हाताकडे येते. कोपर बाजूला काढलं तर ओंडक्याबाहेर जात होतं, म्हणून मी ते पुढे वळवलं आणि तेवढ्यासाठी धड मागे ढकललं. वाकसाने तासून आकार मोकळा केला, मग मोठी गोल पटाशी घेतली. नवव्या दिवशी मी हात आणि चेहरा यांच्यामधली पोकळी काढत होते. त्या पोकळीतून आकाश दिसलं पाहिजे, असा माझा हट्ट. लाकूड कोरताना कान सतत कामात असतो. पटाशी सरळ जाते आहे तोवर मोगरीचा आवाज भरीव येतो, कुठे काही सुटायला आलं की पोकळ होतो. तो पोकळ आवाज मला आला होता. आला होता आणि मी आणखी एक ठोका मारला.

मनगटापासून कोपरापर्यंतचा सगळा तुकडा पायाशी पडला. मोडही किती स्वच्छ! जणू कुणी बिस्किट मोडावं.

मिस्त्रींनी तो उचलला, मोडलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. "आडव्या नसेचा होता, ताई. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. मोळीतून आडवा तुकडा काढलात तर धरणार कोण कोणाला?"

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं नाहीत. मला वाटलं, शिल्पात चालत असेल."

चिकटवता आला असता. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे डिंक नीट धरत नाही. पण ॲसिटोनने पुसून, आतून स्टीलची सळई घालून ते जमतं. अडचण दुसरीच होती. बागेतल्या शिल्पाला पोरं लोंबकळतात. लोंबकळणारच. पुढे आलेला हात म्हणजे त्यांच्यासाठी झोक्याचा दांडा. जोडलेल्या, आडव्या नसेच्या हातावर ते वजन घ्यायची माझी तयारी नव्हती.

दोन दिवस मी कामाला गेलेच नाही. घरी चित्रं चाळत बसले. इजिप्तमध्ये सक्कारा इथे १८६० साली उंबराच्या जातीच्या लाकडाचा एक पुतळा सापडला, का-अपेर नावाच्या अधिकाऱ्याचा. साडेचार हजार वर्षांच्या आसपासचा, ११२ सेंटीमीटर उंच. खोदणाऱ्या मजुरांना तो त्यांच्या गावच्या मुखियासारखाच दिसला, म्हणून आजही त्याला 'शेख अल-बलद', गावचा मुखिया, असंच म्हणतात. त्याचे हात वेगळे कोरून जोडलेले आहेत. म्हणजे माझी अडचण त्या कारागिरालाही ठाऊक होती, आणि त्याने एकाच तुकड्याचा हट्ट सोडून ती सोडवली होती. दुसरी वाट जर्मन शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखची. १९०६ साली तो रशियाला जाऊन आला आणि त्यानंतर त्याची लाकडी माणसं जाड अंगरख्यात गुंडाळलेली दिसू लागली. हात आत, पाय आत. बाहेर फक्त डोकं आणि फार तर बोटं. वर्षानुवर्षं मी याला त्याची शैली समजत होते. त्या रात्री पहिल्यांदा तो मला सुतारासारखा दिसला: नस जिथे जाते तिथेच त्याने वजन ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी गेले आणि उरलेल्या लाकडातून बाईचे दोन्ही हात अंगाशी मिटवले. एका साध्या लांब वस्त्रात. आता दूर बघणं दाखवायचं कशाने? डोळे मोठे करून बघितले कोळशाने, बावळट दिसली. शेवटी मिस्त्रींना म्हटलं, "जरा तिथे उभे राहा आणि फाटकाकडून कुणी येतंय का बघा." ते राहिले. हात वर गेला नाही त्यांचा. हनुवटी किंचित वर, मान डावीकडे वळलेली, आणि तिच्यामुळे उजवा खांदा दोन बोटं खाली. एवढंच. पण फाटकाकडे कुणीतरी येतंय हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं.

मानेसाठी लाकूड होतं का? हात पुढे काढण्याच्या नादात मी धड मागे ढकललं होतं, म्हणून गळ्याशी बोटभर जास्तीचं लाकूड राहिलं होतं. तेवढंच पुरलं. मान वळवताना ओळंबा लावून बघितला, डोक्याचा मध्य पावलांच्या मध्यापासून चार सेंटीमीटर सरकला होता. त्या चार सेंटीमीटरांत मी जवळपास तीन आठवडे राहिले.

चेहऱ्यांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिथे मी फारच शहाणपणा केला. आधी म्हाताऱ्याचा घेतला. पापण्या, नाकपुड्या, ओठांच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं. पाटावर बसून हातभर अंतरावरून तो जिवंत वाटायचा. मग त्याला उभा केला, तीस पावलं मागे गेले आणि डोळे अर्धे मिटून बघितलं. चेहऱ्याच्या जागी नुसता चिवडा. दुपारच्या उन्हात बारीक खाचा एकमेकींना खातात. पांढरं उजेडाचं आणि काळं सावलीचं इतकं कालवलं जातं की कपाळ कुठे संपलं तेही कळत नाही. भुवईच्या खाली मात्र मी चुकून एक खोल खाच मारली होती, जवळजवळ अडीच सेंटीमीटर, आणि तिची सावली तीस पावलांवरूनही डोळाच वाटत होती. मग पापण्या तासून टाकल्या. ओठ एका आडव्या पातळीत. गालाला दोन पैलू, कपाळाला एक, नाक म्हणजे वरून खाली आलेली एक धार, नसेच्या दिशेतच असल्याने पक्की. उरल प्रदेशातल्या दलदलीत १८९० साली मिळालेली लार्च लाकडाची शिगीरची मूर्ती सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीची आहे. तिचा चेहराही असाच चार-दोन कापांचा आहे, आणि तरी तो चेहरा आहे याबद्दल कुणाला शंका येत नाही.

डोकं मात्र मी वाढवलं. माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांची धरतात. मी सहाची धरली. खालून वर बघताना डोकं बारीक होतं, शिवाय खांदे अरुंद असल्यामुळे मोठं डोकं तिथे बरं बसलं. जवळून ही माणसं जरा डोकाड वाटतात. मला आवडतात तशी.

पोताबद्दल मिस्त्रींचं आणि माझं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. म्हाताऱ्याचा एक गाल मी हौसेने पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला होता. तो सोफ्याच्या हातासारखा दिसायला लागला. मी पुन्हा गोल पटाशी घेऊन त्यावर लहान लहान खोबणी काढल्या, मासोळीच्या खवल्यांसारख्या. दिवस सरकतो तसा त्या खवल्यांवरून उजेड सरकतो आणि गाल हलल्यासारखा वाटतो. मिस्त्रींना हे अर्धवट सोडलेलं काम वाटत होतं. "पटाशीचे वण दिसले तर लोक म्हणतील, सुताराचा रंधा चोरीला गेला." जर्मनीतला श्टेफान बाल्केनहोल असे वण मुद्दाम ठेवतो, त्याची माणसं आणि त्यांच्याखालचा ओटा एकाच खोडातून निघतात, हे मी त्यांना सांगितलं. १९९२ साली लंडनमध्ये थेम्स नदीतल्या बोयावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या खुणेवर, त्याने उभा केलेला माणूस खराच समजून लोकांची धांदल उडाली होती, हेही सांगितलं. "लांबून ना?" मिस्त्री म्हणाले. "मग लांबूनच बघू दे. जवळून हात लावणाऱ्याला कुसळ घुसलं तर?"

हे मात्र त्यांचं खरं होतं. मग वाटणी झाली: माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत सगळं घासून, कडा बोथट करून, आणि त्याहून वरच्या भागात वण जसेच्या तसे. त्यामुळे बाईचं वस्त्र छातीपर्यंत मऊ आणि चेहरा खवल्यांचा झाला. पोर मात्र पुरतं त्यांच्या वाट्याला गेलं, त्याचं डोकंसुद्धा कुणाच्याही हाताला लागणारं. सगळ्यांना ही जाणूनबुजून केलेली योजना वाटते. मी नाही म्हणत नाही.

एक सांगायचं राहिलं. सागाच्या लाकडात सिलिकाचे कण असतात, धार चटकन मरते. दिवसाचा तासभर तरी पटाश्या पाजळण्यात जायचा. सुरुवातीला मला तो वाया गेलेला वेळ वाटायचा, नंतर त्याच तासात उद्या काय कापायचं नाही ते ठरू लागलं.

मधे एकदा मंजुरी देणारी मंडळी बघायला आली. एकाने विचारलं, "डोळे कधी बसवणार?" दुसऱ्याला बाई आहे की पुरुष ते कळेना, पदर दाखवा म्हणाला. तिसऱ्याने सुचवलं की खाली पाटी लावून 'प्रतीक्षा' लिहावं म्हणजे लोकांना अर्थ लागेल. मी सगळ्यांना चहा पाजला आणि काही बदललं नाही. पाटी लागली, पण नुसतं वर्ष लिहिलेली.

आता भेगांचं. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आटतच नाही. आटतं ते आडवं, आणि तेही सारखं नाही: वर्षवलयाच्या कडेने जितकं आटतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे. म्हणजे परीघ आवळत जातो, व्यास तितका कमी होत नाही, आणि मग परीघ कुठेतरी फुटतो. गाभा पोटात असलेला सबंध ओंडका फुटणारच. कुठे फुटायचं एवढंच त्याला सांगता येतं. युरोपातले मध्ययुगीन कारागीर मूर्ती पाठीमागून कोरून पोकळ करायचे. त्यांच्या मूर्ती भिंतीला टेकून उभ्या असायच्या, पाठ बघायला कोण जाणार? बागेतल्या माणसाला पाठ लपवायची सोय नाही. लोक चारी बाजूंनी फिरतात.

बाईच्या आणि म्हाताऱ्याच्या पाठीत मी मधोमध, थेट गाभ्यापर्यंत, उभा काप घेतला. ताण तिथेच मोकळा व्हावा म्हणून. बाईचा काप वेणीच्या सावलीत लपला, म्हाताऱ्याचा पाठीच्या कण्याची रेघ झाला. दोन्ही काप आता रुंदावले आहेत आणि बघणाऱ्याला ते कोरलेलेच वाटतात. पोराच्या वेळी मात्र मी म्हटलं, एवढासा ओंडका, तो काय फुटणार! शिवाय त्याच्या छोट्या पाठीवर काप म्हणजे मला जिवावर आलं. मिस्त्रींनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हणाले.

उभारणी एका दिवसात झाली. लाकडाची कापलेली टोकं पाणी शोषून घेतात, म्हणून पावलं जमिनीला टेकू द्यायची नाहीत हे पहिलं पथ्य. काँक्रीटच्या पायात रोवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या सळया, त्यावर चार सेंटीमीटर उंच पाट्या, त्यावर माणसं. खालून वारा खेळता राहिला पाहिजे. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी फारशी काही करू शकत नाही, सारा खटाटोप त्याच्यासाठी. डोक्यावर पाणी साचू नये म्हणून तिघांच्याही टाळूला किंचित उतार दिला. रंग दिला नाही. ऊन काही महिन्यांत सोनेरी रंग खाऊन त्याला राखाडी करणार हे माहीत होतं, आणि वाट बघणाऱ्यांना तो रंग शोभेल असं वाटलं. तेलाचा फक्त एक हात दिला. तेलाची फडकी मात्र चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेतो, हे मी ऐकीव म्हणून सोडून देणार होते, मिस्त्रींनी पाण्याच्या बादलीत टाकायला लावली.

उन्हाळ्यात फोन आला की पोर फुटलं. गेले. डाव्या खांद्यापासून पोटापर्यंत, तिरकी नाही, सरळ नसेच्या दिशेने, छातीवरून. बोट शिरेना, पण खिशातली पेन्सिल सहज आत जात होती. किती खोल आहे ते बघायला मी ती सरकवली, आठ-नऊ सेंटीमीटर गेली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. वळले तर बोटांतून सुटली आणि आत घसरली. लाल शेंडी तेवढी दिसत होती. तारेने काढायचा प्रयत्न केला तर आणखी आत जायला लागली, म्हणून सोडून दिली.

मिस्त्री म्हणाले, सागाचीच पातळ पट्टी तासून भरू. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. मग त्यांनीच डोकं खाजवलं: उन्हाळ्यात भरलेली पट्टी पावसाळ्यात लाकूड फुगलं की पाचरीसारखी काम करेल आणि भेग आणखी पुढे नेईल. एक सबंध वर्ष जाऊ दे, ती किती उघडते आणि किती मिटते ते बघू, मग ठरवू. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी मी पट्टी घेऊन जाते आणि खांद्याशी, छातीशी, पोटाशी अशी तीन ठिकाणची रुंदी वहीत लिहिते. भेगेत लोक काय काय घालतात ते वेगळंच: पानं, खडे, चॉकलेटचे कागद. ओलावा धरतात म्हणून सगळं उपसावं लागतं.

परवा मुसळधार पावसानंतर गेले. खांद्याशी सात मिलिमीटरची भेग दोनवर आली होती. पोटाशी तर पोस्टकार्डही शिरेना. बाकी सगळं साफ केलं. पेन्सिल होती तिथेच आहे, लाल शेंडी बाहेर, दोन्हीकडून लाकडाने घट्ट धरलेली. चिमट्याने ओढून बघितली. हलली नाही. उन्हाळ्यात निघेल.